बाग-विचारणा : फांदी आणताय? आई कोण ते विचारा

पाऊस सुरू झाला की शेजारच्या कुंपणावरून फांदी मोडून आणायचा मोह कुणाला आवरत नाही. या महिन्याची पत्रं काढून बसले तर बहुतेक सगळी कलमांचीच निघाली. त्यातली चार घेतली आहेत. एक पत्र परदेशातून आलंय आणि विषय जरा नाजूक आहे, म्हणून त्याला जागा जास्त दिली.

प्रश्न : लग्नाच्या वाढदिवसाला आलेल्या गुच्छातले गुलाब इतके सुंदर होते की टाकवेनात. मोबाइलवर पाहून प्रत्येक दांडी बटाट्यात खोचली, मध आणि दालचिनी लावली, कुंडीत पुरली. आठ-दहा दिवसांत पालवी फुटली, मग सगळं काळं पडलं. काय चुकलं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही, व्हिडिओ करणाऱ्याचं चुकलं. बटाटा ओल्या मातीत कुजतो आणि सोबत दांडीलाही कुजवतो. नाही कुजला तर त्यालाच कोंब येतात, म्हणजे गुलाबाऐवजी बटाट्याची भाजी. मध-दालचिनीने मुळं फुटत नाहीत. मुळं फुटायला ऑक्सिन हे झाडातलं वाढीचं संप्रेरक लागतं. ते शेंड्याकडे तयार होऊन खाली उतरतं आणि कापलेल्या तोंडाशी साठतं. दुकानात मिळणाऱ्या रूटिंग पावडरमध्ये त्याच जातीचं इंडोल ब्युटिरिक ॲसिड, म्हणजे आपलं आयबीए, असतं. दांडी उलटी खोचली तर ती जगत नाही, तेही याच कारणाने.

आता पालवीचं. फांदीत साठवलेलं अन्न असतं, त्यावर ती मुळांशिवायही दोन-चार पानं काढते. पालवी दिसली की लोक खूश होऊन पाणी वाढवतात, ऊन दाखवतात. साठा संपला की पानं माना टाकतात. खाली मुळं नसतातच. गुच्छातली फुलं तर शीतगृहातून फिरून आलेली असतात, त्या दांड्यांत जीव किती उरणार?

कलम करायचंच तर बागेतल्या, नुकतंच फूल देऊन गेलेल्या फांदीचं करा. पेन्सिलीएवढी जाड, सहा ते आठ इंच लांब, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. वरचा डोळ्याच्या अर्धा इंच वर, सरळ. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवं, दांडी चेचली की तिथूनच कूज सुरू होते. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. निम्मी जाड वाळू आणि निम्मं कोकोपीट भरा, आधी काडीने भोक पाडा आणि मगच दांडी बसवा, नाहीतर पावडर वरच पुसली जाते. वरून प्लॅस्टिकची पिशवी घालून उजेडाच्या सावलीत ठेवा. पाच-सहा आठवडे उपटून बघू नका! आणि हे सगळं पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून थंडी संपेपर्यंत. भर पावसात जास्वंद, तगर, मोगरा लावा, ते ऐकतात.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही दोघं तीन वर्षांपासून लाइपझिशला आहोत. शेजारचे आजोबा बाल्कनीत रीतसर गांजाची झाडं लावतात. परवा त्यांनी मुळं फुटलेल्या दोन फांद्या छोट्या कुंड्यांत घालून देऊ केल्या आणि 'बी लावू नका, फांदीच लावा' असं बजावलं. ह्यांना उत्साह फार, मला मात्र धाकधूक. फांदीच का? घेतली तर चालेल का? आणि पुण्याहून माझा दीर म्हणतोय, दिवाळीला येताना एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आण, गच्चीत लावतो. (एक वाचक, जर्मनी)

उत्तर : आधी भावोजींचं, कारण ते एका शब्दात संपतं. नाही.

आपल्याकडे 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आहे. त्याच्या कलम 8 प्रमाणे गांजाच्या झाडाची लागवड बंद, कलम 20 प्रमाणे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. कुंडीतलं एक झाड म्हणून सूट नाही. 'भांग तर उघड मिळते' हा युक्तिवाद भावोजी करतीलच. कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येतून फुलोऱ्याच्या शेंड्याशिवायची पानं आणि बी वगळलेली आहेत, भांगेला वाट मिळते ती तिथून. पण झाड लावण्याला ती वाट नाही. 2021 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने 'कुठल्याच पिकाला भाव नाही, गांजा लावू द्या' असा अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे केला होता. कायदा त्यालाही तोच. शिवाय परदेशातून कुठलीही जिवंत फांदी, अगदी तुळशीचीसुद्धा, परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय आणता येत नाही. तेव्हा ओलं फडकं घरीच राहू द्या.

फांदीच का, हे समजायला तोंडलीचा वेल बघा. तोंडलीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. बी लावलं तर काय उगवेल याचा नेम नाही, म्हणून आपले शेतकरी चांगल्या मादी वेलाचे तुकडेच लावतात. गांजाचं तेच. नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि लोकांना हवा असतो तो मादीचा फुलोरा, तोही बी न धरलेला. जवळपास एक नर फुलला की वाऱ्यावर पराग येतो आणि फुलोऱ्यात बी भरतं. हे दुखणं जुनं आहे. इंग्रज सरकारने 1893 मध्ये गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. त्याच्या अहवालात बंगालमधल्या गांजा-शेतकऱ्यांची एक गंमत आहे. हे शेतकरी नर झाडं ओळखून उपटायला खास माणूस बोलवत, त्याला पोद्दार म्हणत. वावरभर फिरून फुलण्याआधीच झाड ओळखायचं, एवढंच त्याचं काम. मादी झाडाची फांदी लावली की पोद्दाराचं कामच उरत नाही, कारण फांदी आईचीच हुबेहूब प्रत असते. तुमचे आजोबा म्हणतात ते शास्त्राला धरून आहे.

दुसरी गोष्ट शेवंती लावणाऱ्यांना चटकन कळेल. हे झाड रात्र लांबली की फुलावर येतं. पॉलीहाऊसमध्ये शेवंतीच्या मातृरोपांना रात्री दिवे लावतात ना, ती फुलावर जाऊ नयेत म्हणून? इथेही ज्या झाडाच्या फांद्या घ्यायच्या त्याला उजेडाचे तास जास्त देतात. फुलावर आलेल्या फांदीला मुळं फुटायला फार वेळ लागतो.

पण प्रत म्हणजे सगळ्याचीच प्रत. आईचा रोगही सोबत येतो. हॉप लेटंट व्हायरॉइड नावाचा एक विषाणूपेक्षाही साधा जंतू या झाडांत आहे. अमेरिकेतल्या मोठमोठ्या लागवडी त्याने खुरटवल्या. पसरतो तो मुख्यतः फांद्यांतून आणि त्या कापणाऱ्या हत्यारांतून. पानांवर बऱ्याचदा काही दिसतही नाही. कुणी प्रेमाने दिलेली फांदी रोगमुक्त असेलच असं नाही, मग ती गांजाची असो नाहीतर गुलाबाची.

राहिला तिथला कायदा. 1 एप्रिल 2024 पासून जर्मनीत अठरा वर्षांवरच्या आणि किमान सहा महिने तिथे राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरी, स्वतःपुरती, एका वेळी तीन झाडं ठेवता येतात. फुलोरा न आलेली फांदी त्या कायद्यात लागवडीचं साहित्य धरली आहे. परवाना मिळालेली लागवड-मंडळं, म्हणजे सभासदांसाठी गांजा लावणाऱ्या संस्था, यांच्याकडूनही ती ठरावीक मर्यादेत मिळू शकते. मात्र घरच्या झाडाचा माल मित्रांत वाटता येत नाही, लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था करावी लागते आणि वासाने शेजारी हैराण होता कामा नयेत. म्हणजे ह्यांचा उत्साह बेकायदा नाही. पण तुमची धाकधूकही खोटी नाही. घर दोघांचं आहे, एकाला नको असलेली कुंडी घरात कशाला? माझं विचाराल तर मी नको म्हणाले असते. बाल्कनीची हौसच भागवायची तर आजोबांना जिरॅनियमच्या फांद्या मागा. तिकडे खिडकीखिडकीत असतो, बोटभर फांदी खोचली की लागतो, थंडीत मात्र घरात घ्यावा लागतो.

प्रश्न : डाळिंबाची नवी बाग करायची आहे. शेजाऱ्याची भगवा जातीची बाग जोरात आहे, गुट्या (झाडावरच्या फांदीला तिथेच मुळं फोडून घेणं) बांधून घ्यायला तो तयार आहे. फुकटात रोपं होतील. काय वाटतं? (एक शेतकरी, सांगोला)

उत्तर : फुकटची रोपं डाळिंबात सगळ्यांत महाग पडतात. गुटी बांधायला अवघड काहीच नाही. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, आतला चिकट थर खरवडायचा, आयबीए लावायचं, ओलं शेवाळ ठेवून वर प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. दीड-दोन महिन्यांत पांढरी मुळं प्लॅस्टिकमधून दिसतात.

तुमच्या भागात प्रश्न तेल्याचा आहे. तो जिवाणूचा रोग आहे. बागेत शिरतो तो बहुतेक वेळा रोपांतूनच, मग पावसाचे शिंतोडे आणि छाटणीचं सिकेटर त्याला झाडोझाड नेतात. म्हणून हो म्हणायच्या आधी शेजाऱ्याच्या बागेत ऐन पावसात जा. बहाराच्या दिवसांत लांबून बघितलेली बाग कुणाचीही चांगलीच दिसते. पानं खालून वर करा, उजेडासमोर धरा. पाणी मुरल्यासारखे तेलकट ठिपके आहेत का? जुन्या फळांवर काळे डाग आणि त्यांतून गेलेल्या भेगा आहेत का? एक जरी सापडलं तर चहा पिऊन परत या. गेल्या दोन-तीन हंगामांत तिथे तेल्या होता का, हे शेजाऱ्याला नाही, त्याच्या गड्याला विचारा.

बाग खरोखर स्वच्छ असेल तर जरूर घ्या, पण दर झाडाला सिकेटर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून. मनात शंका राहिली तर खर्च करा आणि तपासलेली ऊतीसंवर्धित रोपं घ्या. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन एकदा बोलून या, तुम्हाला काही लांब नाही. ओळखीचे द्राक्षवाले असतील तर त्यांनाही विचारा. ते डॉगरीज या खुंटाची (ज्यावर दुसरी जात बांधतात त्या मुळांच्या वेलाची) छाट कलमं लावतात आणि मग शेतातच त्यावर हवी ती जात बांधतात. डोळे कुठल्या बागेतून आणायचे यावर ते रोपांच्या किमतीपेक्षा जास्त चर्चा करतात.

प्रश्न : हापूसची फांदी पावडर लावून पुरली तर झाड येईल का? आणि कढीपत्त्याची? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आंब्याच्या फांदीला मुळं जवळजवळ फुटतच नाहीत, म्हणून तर कोकणात कोय कलम करतात. कोय रुजली, रोप कोवळं तांबूस असतानाच त्यावर हापूसची काडी बांधली. दापोलीच्या विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून तयार कलम आणा, डोंबिवलीच्या गच्चीत प्रयोग नकोत. कढीपत्त्याची फांदीही रडवते. जुन्या झाडाच्या बुंध्याशी मुळांवरून पिल्लं फुटलेली असतात, त्यातलं वीतभर उंचीचं, स्वतःची मुळं असलेलं पिल्लू पावसाची चांगली झड लागलेली असताना मातीच्या गड्ड्यासकट खणून घ्या. नुसतं ओढलंत तर हातात काठी येईल.