तबल्याच्या पिशवीतल्या गोळ्या

वाचकांचे प्रश्न : संगीत आणि मन
(पत्रलेखकांची नावं त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.)

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, फोंडा तालुक्यातला. तबला हेच माझं पोट. जत्रेतली संगीत नाटकं, भजनं, थंडीत हॉटेलांतले कार्यक्रम. गेल्या पावसाळ्यात झोपच उडाली. रात्री दोनला लोकांना फोन करायचो, उधारीवर तीन तबले घेतले, आणि मग असा कोसळलो की महिनाभर तबल्याची गवसणी उघडली नाही. डॉक्टरांनी बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार पडतं असा आजार) सांगितलं, त्यावरचं लिथियम हे औषध सुरू झालं. आता मन ठिकाणावर आहे, पण रेला, म्हणजे जलद बोलांची सलग मालिका, वाजवताना हात बारीक थरथरतो. गोळ्या पिशवीत हातोडीखाली लपवतो. मंडळींना कळलं तर बोलावणं बंद होईल. डॉक्टरांना मी दुकानात नोकरी करतो असं सांगितलंय, नाहीतर जागरणं बंद करा म्हणाले असते. गोळ्या सोडल्या तर चालेल का?

उत्तर : नाही, स्वतःहून सोडू नका. लिथियम एकदम बंद केलं की आजार उलटण्याचा धोका वाढतो, आणि परत आला तर तो मागच्यापेक्षा सौम्य येईल याची खात्री नसते.

पण तुमची तक्रार खरी आहे. लिथियमने हाताला बारीक कंप येतो, हे आम्हा डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. दुकानात बसणाऱ्या माणसाला तो जाणवतही नाही, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नसेल. तबलजीचं तसं नाही. तिरकिटच्या रेल्यात बोटं केसभर मागे पडली तरी पुढे बसलेल्या गायकाला ते कळतं. तुम्ही मंडळींपासून गोळ्या लपवल्या आणि डॉक्टरांपासून तबला. हाताचा प्रश्न त्यामुळेच अडून राहिलाय.

पुढच्या भेटीला जाताना तबला सोबत न्या, नाहीतर मोबाइलवर वाजवतानाचा व्हिडिओ काढून दाखवा. संकोच करू नका. लिथियमची रक्तातली पातळी तपासता येते, त्यासाठी शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी रक्त देतात. पातळी थोडी जास्त असेल तर मात्रा कमी केल्यावर कंप उतरू शकतो. कंपासाठी वेगळी गोळी जोडता येते, औषधही बदलता येतं. हे सगळं डॉक्टरांनी ठरवायचं, पण तुम्ही काय वाजवता हे त्यांना कळल्यावर.

आता एक गोष्ट, जी मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वादकाला बजावून सांगते. मनगट दुखलं की आपली माणसं फार्मसीतून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊन येतात. लिथियमवर असलेल्याने ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण लिथियम शरीरातून बाहेर पडायला अडथळा होतो आणि पातळी चढते. दुखलंच तर पॅरासिटामॉलबद्दल डॉक्टरांना विचारा. मांडवात घाम गाळून पाणी न पिणं, निर्जळी उपास, अचानक मीठ सोडणं, यांनीही तेच होतं. हात ठळकपणे हलायला लागला, उलट्या-जुलाब झाले, चालताना तोल जाऊ लागला किंवा जीभ जड झाली, तर पुढची गोळी थांबवून त्याच क्षणी रुग्णालय गाठा. कार्यक्रम राहू दे.

जागरणाचं तुम्ही बरोबर ओळखलंत. बायपोलरमध्ये बुडालेली झोप हीच पुष्कळदा पुढच्या झटक्याची सुरुवात असते. पण म्हणून तबला सोडायचा का? मुळीच नाही. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं ते पाळ्या लावलेल्या असतात म्हणून. रात्रभर चालणाऱ्या नाटकात दोन तबलजींनी अंक वाटून घेतले तर कुठलं पद बिघडतं? हे मागायचं तर मंडळीतल्या एका तरी माणसाला सांगावं लागेल. सगळ्यांना नको. तुमची साथ ज्याला हवीहवीशी वाटते असा ऑर्गनवाला किंवा नट निवडा आणि सरळ सांगा : मला असा आजार आहे, औषध चालू आहे, रात्री दोननंतर मला बसवू नका. किती सांगायचं ते तुम्ही ठरवायचं. तुमचे डॉक्टर तर तुमच्या परवानगीशिवाय मंडळींना काही सांगू शकत नाहीत, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती गुप्तता तुमचा हक्क आहे.

माझे मामा संगीत नाटकांना ऑर्गन वाजवायचे. नाटकवाल्यांच्या पंगतीत मी लहानाची मोठी झाले, म्हणून हे लिहायचा मला अधिकार आहे असं मी मानते. फेणी पिऊन समेवर अडखळलेल्याला आपण ‘कलाकार माणूस’ म्हणून पोटात घालतो, आणि वेळेवर गोळी घेऊन समेवर येणाऱ्याच्या जागी दुसरा माणूस शोधतो. मला याचा फार राग येतो. दुःखातूनच सूर लागतो, औषधाने कला जाते, असं म्हणणाऱ्यांना मी विचारते : महिनाभर गवसणी उघडली नाही, त्या महिन्यात या माणसाची कला कुठे होती?

प्रश्न : माझी १७ वर्षांची मुलगी शास्त्रीय गायन शिकते. स्पर्धेआधी तिला उलट्या होतात. क्लासमधली एक मैत्रीण ‘भीतीची गोळी’ देते म्हणाली. द्यावी का?

उत्तर : देऊ नका. ही बहुधा प्रोप्रॅनोलॉल असते, धडधड आणि थरथर कमी करणारी. दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते, म्हणून तपासल्याशिवाय नाही. तिला आधी दहा-बारा माणसांच्या घरगुती बैठकीत गाऊ द्या, मग थोड्या मोठ्या, आणि निकालाचा विषय घरात काढू नका. तरीही उलट्या थांबल्या नाहीत तर समुपदेशकाकडे न्या. आणि तिच्या गुरूंना सांगा. पुष्कळ गुरूंनी हे स्वतः भोगलेलं असतं, फक्त शिष्यांना कधी सांगितलेलं नसतं.

प्रश्न : मी गावच्या भजनी मंडळाचा चिटणीस. आमचा मुख्य गायक दोन महिने बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत होता, आता घरी आहे. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आलीय. काही सभासद म्हणतात, ‘तो पिसो जाला, आरतेक नाका’ (वेडा झालाय, आरतीला नको). काय करावं?

उत्तर : यावर बैठक घेऊ नका. हृदयाच्या ऑपरेशनहून आलेल्या गायकावर तुम्ही मतदान घेतलं असतं का?

भीती असते ती बहुतेक ‘अंगावर आला तर’ ही. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणाच्या अंगावर जात नाहीत. संस्थेने त्याला घरी सोडलंय, तो गाऊ शकतो की नाही ते त्याला आणि त्याच्या डॉक्टरांना विचारा. ही संस्था पूर्वी पणजीत आल्तिनोवर होती तेव्हा तिला कांदोळीच्या आबे फारियांचं, संमोहनविद्येतल्या आद्य अभ्यासकाचं, नाव होतं. कला अकादमीत गायला जाताना जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आपण अभिमानाने दाखवतो, आणि त्या संस्थेतून बरा होऊन आलेल्या गायकाला मखरापुढे उभं करत नाही!

व्याख्यानांपेक्षा सोबत काम केल्याने हा कलंक जास्त कमी होतो, हे या विषयावरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून नकार देणाऱ्या सभासदांना समजावण्यात आठवडा घालवू नका. तालमीचा दिवस ठरवा, स्वतः त्याच्या घरी जा आणि तारीख सांगा. पहिल्या तालमीला त्याला पूर्ण आरती देऊ नका, एखादा अभंग द्या, बाकी झांज घेऊ दे. तब्येतीचे प्रश्न चारचौघांत नकोत. एकांतात मात्र विचारा : पुन्हा बिघडायला लागलं तर आधी काय दिसतं, आणि आम्ही कुणाला फोन करायचा? उत्तर लिहून ठेवा. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर १४४१६ वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा आहे, मोफत, चोवीस तास. तो नंबर मंडळाच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवा. तो एकट्या त्याच्यासाठी नाही, मंडळात आणखी कुणाला लागेल हे तुम्हालाही आज माहीत नाही.