निम्मं गाव गरीब दिसतंय, तिथे लेक राहील कशी?

प्रश्न : माझ्या जावयांना अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी पेन स्टेट विद्यापीठात नोकरी लागलीय. ऑगस्टमध्ये लेक आणि सहा वर्षांचा नातू पण जाणार. मी बँकेतून रिटायर झालोय, आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून नेटवर शोधलं तर सेन्ससचा आकडा सापडला, ४६.९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली! लेकीला सांगितलं तर ती हसते. आणि दुसऱ्या एका साइटवर हेच गाव राहायला छान म्हणून दिलंय. खरं काय धरायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काका, तुम्ही काढलेला आकडा २००० सालच्या सेन्ससचा आहे, आणि तो बरोबर आहे. फक्त त्याच ओळीत अजून एक आकडा होता तो तुमच्या नजरेतून सुटला. दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं ९.८ टक्के. माणसं ४७ टक्के गरीब आणि कुटुंबं १० टक्के, मग बाकीचे गरीब कुणाच्या घरचे?

ते विद्यार्थी. या गावात सत्तर टक्क्यांच्या आसपास लोक १८ ते २४ वयाचे आहेत. अमेरिकन सेन्ससमध्ये डॉर्ममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहात, राहणारी मुलं गरिबीच्या हिशोबात धरतच नाहीत, पण तीच मुलं दुसऱ्या वर्षी बाहेर फ्लॅट घेऊन राहिली की हिशोबात येतात, आणि चौघं एका घरात असली तरी नात्यातली नसल्यामुळे प्रत्येकाचं उत्पन्न वेगळं मोजतात. लायब्ररीत आठवड्याला दहा तास काम करणाऱ्या मुलाचं उत्पन्न किती असणार! एज्युकेशन लोन उत्पन्नात धरत नाहीत. म्हणजे ज्याचे वडील शिकागोत डॉक्टर आहेत तो पण कागदावर गरीब.

सेन्सस ब्युरोने स्वतःच हे तपासलंय. २००९ ते २०११ चे आकडे घेऊन, घरच्यांपासून वेगळे बाहेर राहणारे विद्यार्थी बाजूला काढले तर अख्ख्या देशाचा गरिबीचा दर १५.२ वरून १४.५ वर आला. अख्ख्या देशाचा हां, मग चाळीस हजारांच्या गावाचं काय होत असेल.

उत्पन्नाचं पण तसंच. २००० साली तिथलं हाउसहोल्डचं मधलं उत्पन्न २१,१८६ डॉलर आणि फॅमिलीचं ५४,९४९ डॉलर. आपण दोन्हीला घरच म्हणतो पण सेन्ससच्या भाषेत एका छताखाली राहतात ते हाउसहोल्ड आणि त्यात रक्ताचं किंवा लग्नाचं नातं असलेले ते फॅमिली. तुमची लेक फॅमिलीत मोडते, तिच्यासाठी दुसरी ओळ बघा.

आता पंचवीस वर्षं जुना आकडा सोडा. सेन्ससच्या साइटवर अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या नमुना पाहणीचे पाच वर्षांचे आकडे मिळतात, ६५ हजारांहून छोट्या गावांना एका वर्षाचे सविस्तर आकडे देत नाहीत. तिथे बी १४००६ नावाचं टेबल काढा, त्यात गरिबी कॉलेजात शिकणारे आणि न शिकणारे अशी वेगळी करून दिलीय. नाहीतर सरळ १८ वर्षांखालच्या मुलांची गरिबी बघा, त्यात कॉलेजची गर्दी जवळजवळ नसतेच. मला कुठलंही कॉलेजचं गाव तपासायचं असलं की मी आधी हाच आकडा बघते. आणि प्रत्येक आकड्याशेजारी अधिक-उणे, म्हणजे अंदाज किती चुकू शकतो ते, लिहिलेलं असतं ते सोडू नका, छोट्या गावात ते एवढं मोठं असतं की दोन गावांतला फरक त्यातच बुडून जातो. बँकेत तुम्ही पैशाचा ताळा जुळवायचात, इथे तो तसा जुळत नाही हे आधीच सांगून ठेवते.

लोकसंख्या पण जपून. २०१० ला ४२,०३४ आणि २०२० ला ४०,५०१, बघणाऱ्याला वाटेल गाव ओस पडतंय. पण सेन्ससचा दिवस १ एप्रिल, आणि २०२० च्या १ एप्रिलला करोनामुळे मुलं घरी निघून गेलेली. नियम होता की एरवी जिथे राहतात तिथेच मोजायचं, पण रिकाम्या फ्लॅटचं दार उघडून फॉर्म भरणार कोण?

गुन्ह्यांचा आकडा तुम्ही विचारला नाहीत तरी तुम्ही बघितला असणार, सासरे लोक बघतातच. दर लाखामागे गुन्हे असा तो दर असतो. खाली भागायला गावची लोकसंख्या, आणि वर गावात घडलेलं सगळं. पेन स्टेटच्या बीव्हर स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणूस मावतं, फुटबॉलच्या शनिवारी गावाच्या अडीचपट पाहुणे येतात, पितात, काहीजण भांडतात, ते वरच्या आकड्यात येतात पण खालच्यात नाही. त्यात विद्यापीठाचे पोलीस वेगळे आणि त्यांचे आकडे एफबीआयच्या तक्त्यात वेगळे, आणि गावचे पोलीस शेजारच्या ‘कॉलेज’ आणि ‘हॅरिस’ नावाच्या टाउनशिपचं (म्हणजे वेगळा कारभार असलेल्या शेजारच्या भागांचं) पण काम बघतात. इतकं सगळं कालवल्यावर जो दर येतो त्यावरून गावांचे नंबर लावू नका असं एफबीआय स्वतः सांगते, तरी साइटवाले लावतातच. शिवाय तिथे दारूचं वय २१, म्हणजे कॉलेजमधली निम्मी मुलं बिअरच्या ग्लासासकट गुन्हेगार. असल्या केसेस जास्त दिसल्या तर पोरं जास्त पितात की पोलीस जास्त पकडतात हे आकड्यावरून कळत नाही.

आणि एक गंमत, जावई बहुतेक स्टेट कॉलेजमध्ये राहणारच नाहीत! म्हणजे पत्त्यात तेच नाव येईल, पण मुलंबाळंवाले लोक बरेचदा भोवतीच्या फर्ग्युसन, पॅटन, कॉलेज, हॅरिस अशा टाउनशिपमध्ये घर घेतात. शाळांचा डिस्ट्रिक्ट या सगळ्यांचा मिळून एकच आहे. तेव्हा नातवासाठी गावाचे नाही, स्कूल डिस्ट्रिक्टचे आकडे बघा, राज्याच्या फ्यूचर रेडी पीए इंडेक्सवर एकेका शाळेचे सापडतात. (आपल्याकडे पण हडपसरच्या माणसाला पुण्याचा निकाल लावून कुठे चालतं? केंद्राच्या २०१८ च्या राहण्याजोग्या शहरांच्या यादीत पुणे पहिलं आलं होतं, तेव्हा ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माझ्या भावाने काय मेसेज पाठवला तो इथे छापता येणार नाही.)

भाड्याला सरकारी फेअर मार्केट रेंट बघा पण तो अख्ख्या काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखी) असतो आणि बाजाराच्या मधल्या भाड्याहून थोडा खालचा. कॅम्पसला चिकटून भाडं घराचं नाही, बेडचं सांगतात. करार ऑगस्ट ते ऑगस्ट, त्यामुळे जुना संपून नवा सुरू व्हायच्या मधे आठवडाभर बिनघराचे दिवस येऊ शकतात. मी दुसऱ्या एका कॉलेजच्या गावात अकरा वर्षं काढलीत, पहिल्या ऑगस्टला फुटपाथवर टाकलेले सोफे बघून मला वाटलं पूर आला की काय, आणि दुसऱ्या ऑगस्टला त्यातलाच एक आमच्या हॉलमध्ये होता.

आणि ज्या गोष्टीचं कुठलीच क्रमवारी नाव घेत नाही ती सांगते, रेडॉन. जमिनीतून घरात येणारा किरणोत्सर्गी वायू, रंग नाही वास नाही, आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरला सिगारेटनंतर त्याचाच नंबर. पेनसिल्व्हेनियात तो फार, आणि ही सेंटर काउंटी सरकारी नकाशावर सगळ्यात जास्त धोक्याच्या झोन एकमध्ये आहे. घाबरायचं कारण नाही, टेस्ट किट स्वस्तात मिळतं. आकडा लिटरमागे ४ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) किंवा वर आला तर वायू बाहेर काढायला पाइप आणि पंखा बसवतात. घर घ्यायच्या आधी, विशेषतः बेसमेंटमध्ये नातवाची खोली असेल तर, जावयांना हे विचारायला सांगा. तुमच्या ४६.९ पेक्षा हा आकडा जास्त कामाचा आहे.

प्रश्न : मुलगा एमएसला चाललाय. त्याच्या युनिव्हर्सिटीच्या सेफ्टी रिपोर्टमध्ये चोऱ्या, मारामाऱ्या अगदी कमी दिसतात. विश्वास ठेवू?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, रिपोर्ट खोटा आहे असं नाही, पण त्याची हद्द बघा. १९८६ मध्ये जीन क्लेरी नावाच्या मुलीचा लीहाय विद्यापीठाच्या डॉर्ममध्ये खून झाला, तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये कायदा आला, म्हणून दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत हा रिपोर्ट काढावाच लागतो. पण त्यात कॅम्पस, विद्यापीठाच्या ताब्यातल्या इमारती आणि लगतचे रस्ते एवढंच येतं. मुलगा तीन मित्रांबरोबर चार गल्ल्या पलीकडे भाड्याने राहणार असेल तर त्याच्या घरची चोरी त्यात येणारच नाही. ती गावच्या पोलिसांच्या आकड्यात, बऱ्याच ठिकाणी ते रोजची यादी ऑनलाइन टाकतात, मुलाला पत्ता पक्का करायच्या आधी तो रस्ता त्यात शोधायला सांगा. आणि लायब्ररीहून रात्री घरी यायची शेवटची बस किती वाजता ते पण.