सिप्रो काही वर्षं बंद ठेवलं तर टायफॉईडवर ते पुन्हा चालेल का?

आईच्या ब्लड कल्चरच्या रिपोर्टवर क्लोरॅम्फेनिकॉलसारखं जुनं औषध 'सेन्सिटिव्ह' (लागू पडणारं) आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, म्हणजे सिप्रो, 'रेझिस्टंट' (लागू न पडणारं) कसं, आणि सिप्रो बंद ठेवलं तर तेही पुन्हा लागू पडेल का, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात कर्वे रोडजवळच्या एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी बघते. जंतू वाढवायच्या प्लेटवर आम्ही औषधाच्या छोट्या चकत्या, म्हणजे डिस्क, ठेवतो; औषध लागू पडलं तर डिस्कभोवती जंतू वाढत नाहीत. पावसाळ्यात अशा प्लेट्स नेहमीच्याच: क्लोरॅम्फेनिकॉलच्या डिस्कभोवती रुंद, स्वच्छ वर्तुळ आणि सिप्रोच्याच कुळातल्या नॅलिडिक्सिक अ‍ॅसिडच्या डिस्कला अगदी खेटून जंतूंची वाढ.

१९८० च्या दशकाअखेरीस भारतात टायफॉईडचे जंतू क्लोरॅम्फेनिकॉल, अ‍ॅम्पिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोल या तिन्हींना पुरून उरायला लागले. ती ताकद प्लाझ्मिडवर होती, म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळ्या असलेल्या एका कड्यावर. जंतू दुभंगताना दरवेळी त्याची नक्कल काढायची, त्यावरची प्रथिनं बनवायची. यात शक्ती खर्च होते. औषध समोर असेपर्यंत हा खर्च परवडतो. डॉक्टर सिप्रोकडे वळले आणि हळूहळू हे ओझं नसलेले जंतू वरचढ झाले. आईच्या रिपोर्टवरचं 'सेन्सिटिव्ह' त्यातून आलंय.

सिप्रोचं गणित वेगळं आहे. डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या गायरेज एन्झाइममध्ये बहुतेकदा ८३ व्या जागचं एक अमिनो आम्ल बदलतं, आणि तेवढ्यानेच औषधाची पकड ढिली होते. वेगळं काही बाळगावं लागत नाही. प्रयोगशाळेत औषधाशिवाय एकत्र वाढवले तेव्हा असे काही जंतू मूळ जंतूंनाही मागे टाकून गेले. त्यामुळे सिप्रोला नुसती विश्रांती देऊन ते परत मिळेल, यावर मी भरवसा ठेवणार नाही.

रेझिस्टंट जंतू म्हणजे अशक्त जंतू, ही समजूत मला फार धोक्याची वाटते. टीबीच्या जंतूला रिफॅम्पिसिन हे औषध चुकवणारा, एका एन्झाइममधला बदल सुरुवातीला महागात पडू शकतो, पण पुढे त्याच एन्झाइमच्या दुसऱ्या भागात बदल होऊन तूट भरून निघते. टायफॉईडच्याही काही जंतूंनी प्लाझ्मिडवरची ती जनुकं थेट मुख्य गुणसूत्रात बसवून घेतली आहेत. ती औषध थांबवल्यावर सहजासहजी जात नाहीत.

आणि एक, रिपोर्ट बघून मेडिकलमधून क्लोरॅम्फेनिकॉल आणू नका. क्वचित का होईना, त्याने अस्थिमज्जा कायमची निकामी होऊ शकते. डॉक्टरांनी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं असेल तर ताप उतरला तरी कोर्स पूर्ण करा.