बाळासाठी क्रोशाचं जलपरीचं शेपूट विणायचं आहे, किती घट्ट ठेवू?

प्रश्न: पुढच्या महिन्यात बहिणीचं बाळंतपण आहे. बारशाच्या फोटोसाठी बाळाला क्रोशाचं जलपरीचं शेपूट, म्हणजे छातीपासून खाली चढवायचं पिशवीसारखं कोकून, विणायचं आहे. साखळी, खांब, मुका खांब हे टाके येतात. लोकर कोणती घ्यावी, रंग कोणता, किती टाके टाकावेत आणि किती घट्ट ठेवलं म्हणजे जलपरीसारखं दिसेल?

उत्तर:

ताई, घट्ट अजिबात ठेवू नका. बाकीचं पुढे सांगते, पण आधी हे. शिंपले, म्हणजे खवल्यांसारखी वीण, कशी विणायची ते शंभर व्हिडिओत मिळेल. आत बाळाच्या पायांना किती जागा हवी ते मात्र कुणी सांगत नाही, आणि ज्याचं शेपूट सगळ्यात निमुळतं त्यालाच सगळ्यात जास्त वाहवा मिळते. ते फोटो बघून माझ्या पोटात गोळा येतो. का येतो ते सांगते.

माझी मुलगी १९९५ च्या डिसेंबरात झाली, साताऱ्याला. पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून आलेली. आमच्याकडे पायाळू मूल म्हणजे केवढं कौतुक! पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात, उसण भरली की पायाळूचा पाय लावून घेतात. शेजारच्या आजींनी बाराव्या दिवशीच तिचा एवढासा पाय आपल्या कमरेला लावून घेतला होता. डॉक्टरांनी पायाळू म्हणून काही वेगळं तपासायला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

थंडी कडाक्याची होती. अंघोळ, धुरी झाली की माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, पोरीला दुपट्यात गुंडाळायच्या. दुपट्यावरून जुन्या लुगड्याची पट्टी, मांडीपासून घोट्यापर्यंत, दोन्ही पाय सरळ करून एकमेकांना जोडून. "पाय सरळ राहिले पाहिजेत, नाहीतर पोर फेंगडी चालते." मी पहिलटकरीण. एकदाच म्हणाले, "अक्का, ती पाय वर घ्यायला बघते हो, म्हणून रडते." त्या म्हणाल्या, "सवय होईल." आणि झाली. दोन महिन्यांनी पट्टी बांधताना ती रडेनाशी झाली. ते मला आजही आठवतं.

तेराव्या महिन्यात चालायला लागली ती डावीकडे झुकून. अंघोळ घालताना मांडीच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या नाहीत हे मला कधीचं दिसत होतं. उजवीकडे दोन, डावीकडे तीन. गुटगुटीत बाळाला वळ्या असायच्याच, म्हणून सोडून दिलं. पुण्याला नेऊन एक्स-रे काढला तेव्हा कळलं, डाव्या खुब्याचा गोळा त्याच्या वाटीत बसलेलाच नव्हता. भूल देऊन सांधा बसवला आणि छातीपासून खाली प्लास्टर घातलं. दोन्ही पाय गुडघ्यात वाकवून बेडकासारखे फाकवलेले, मध्ये आडवी काठी. मध्यंतरी एकदा बदलून तीन महिने ते प्लास्टर होतं.

असं मूल पाळण्यात मावत नाही. दारातून नेताना तिरकं करून न्यावं लागतं. एकही झबलं बसत नाही, आणि जानेवारीच्या रात्री पायाची बोटं गार पडायची. रुखवतात मीच विणून आणलेली एक लोकरी शाल होती, ती उसवली. उसवलेली लोकर कुरळी होते, ती वाफेवर धरून सरळ केली, गुंडे केले आणि चार दिवसांत त्या प्लास्टरवरून चढेल असं एक आवरण विणलं. वर अरुंद, खाली ऐसपैस. ताई, माझं पहिलं कोकून ते. शेपूट नव्हतं त्याला. मुलगी आता तीस वर्षांची आहे, एका दमात अजिंक्यतारा चढते. शाल मात्र पुन्हा विणली नाही, ते आवरणच जपून ठेवलंय.

आता जलपरीकडे येते. गेल्या वर्षी अक्कांच्या सुनेला मुलगी झाली. बारशाला फोटोग्राफर येणार होता, म्हणून तिने मला मोबाइलवर शेपटाचा एक फोटो आणि इंग्रजी पॅटर्न पाठवला. पॅटर्नमध्ये छातीशी घेर होता ३४ सेंमी, आणि कमरेपासूनच टाके घटवत नेलेले. नवजात बाळाची छातीच साधारण ३३ सेंमी भरते. म्हणजे बाळ आत सरकवायचं, आणि खाली दोन्ही पाय जोडून सरळच राहणार. तीच पट्टी, फक्त लोकरीची. मी तो पॅटर्न बाजूला ठेवला.

मी काय केलं ते लिहिते, तुम्हाला तसंच करता येईल. आठ पदरी लोकर, ४ मिमीची सुई. ७२ साखळ्या टाकून गोल जोडल्या, माझ्या हाताने घेर ४५ सेंमी आला. तुमचा हात आवळ असेल तर सहा साखळ्या वाढवा, शिंपल्याला सहाचा पाढा लागतो. दोन फेऱ्या नुसत्या मुक्या खांबाच्या, म्हणजे काठ वळत नाही. मग शिंपले: एक मुका खांब, दोन टाके सोडून पुढच्या एकाच टाक्यात पाच खांब, पुन्हा दोन सोडून मुका खांब. गोलात बारा शिंपले बसतात. पुढच्या फेरीत मुका खांब आधीच्या शिंपल्याच्या मधल्या खांबावर आणि नवा शिंपला आधीच्या मुक्या खांबावर. खवले आपोआप एकाआड एक पडतात.

कमरेशी आले तेव्हा टाके न वाढवता सुई ५ मिमीची घेतली. शिंपले तेवढेच, पण घेर ५० च्या पुढे गेला आणि वीण मऊ पडली. वरून पाहिलं तर कुणाला कळतही नाही की इथे सुई बदललीय. काखेपासून टाचेपर्यंत बाळ ३०-३५ सेंमी असतं, म्हणून पहिले ३५ सेंमी घटवायचं नावच नाही. तिथून पुढे, जिथे बाळाचे पाय पोचतच नाहीत, तिथे निमुळतं केलं: आधी ४ ची सुई, मग ३.५ ची, आणि शिंपल्यात पाचऐवजी चार खांब, मग तीन. दहा-बारा सेंमीत ते बरंच निमुळतं होतं. तिथे शेपटाचे दोन पंख जोडायचे. पंख म्हणजे दोन मोठी पानं. सपाट विणा आणि प्रत्येक ओळीत टाक्याचा फक्त मागचा धागा उचला, त्याने माशाच्या पंखासारख्या उभ्या रेघा येतात. पंख दिलदारपणे मोठे करा. सगळी जलपरी त्या पंखांत आहे. माझ्या एका पंखाची रुंदी वीतभर होती.

जाता जाता एक. इंग्रजी पॅटर्न घेणार असाल तर तो अमेरिकन आहे की ब्रिटिश ते पहिल्यांदा बघा. अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल, आपला मुका खांब; आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल, आपला खांब. मी जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या पुस्तकावर शिकलेली. पहिला अमेरिकन नमुना विणताना डबल दिसलं तिथे मुके खांब घालत गेले, आणि अर्ध्या लांबीचा, पुठ्ठ्यासारखा कडक तुकडा हातात आला. दोन संध्याकाळी गेल्या त्यात.

बारशाला शेपूट घेऊन गेले. पाळण्याभोवती पंचवीसएक बायका. अक्कांनी ते हातात घेऊन उलगडलं, आत पंजा घालून पसरला आणि म्हणाल्या, "हे काय पोतं विणलंस? शेपटी कुठं दिसते यात?"

मी म्हटलं, "अक्का, शेपटी पंखांत दिसते. पायांना जागा लागते."

"आमची सगळी पोरं बांधूनच वाढली. कुणाला काय झालं?"

तीस वर्षं हे वाक्य मी ऐकत आलेय. दर बाळंतपणात, दर बारशात. त्या दिवशी मी म्हटलं, "माझ्या पोरीला झालं." एवढंच म्हटलं. घुगऱ्या वाटणारी मुलगी वाटता वाटता थांबली. सुनेने काही न बोलता ते शेपूट माझ्याकडून घेतलं आणि बाळाला त्यात ठेवलं. बाळाने लगेच दोन्ही गुडघे पोटाशी घेतले, आतल्या आत बाजूला फाकवले, खालचा पंख हवेत उचलला गेला. फोटोग्राफरने नेमका तोच फोटो काढला. आज तोच त्यांच्या दिवाणखान्यात लावलेला आहे.

अक्कांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. पुण्याच्या डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं की मुलगी असणं, पहिलं मूल असणं आणि पायाळू असणं, या तिन्ही गोष्टींनी खुब्याचा धोका मुळातच वाढतो, आणि माझ्या पोरीत तिन्ही होत्या. सगळा दोष पट्टीचा असं ते म्हणाले नाहीत. मीही म्हणणार नाही. पण पाय सरळ ताणून बांधल्याने सैल सांधा वाटीत बसायचा तो बाहेर ढकलला जातो, हेही त्यांनीच सांगितलं. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास घरोघरी सांगितलं गेलं की बाळाचे पाय ताणून गुंडाळू नका. त्यानंतर तिथे खुबा निखळण्याचं प्रमाण शेकडा एक ते साडेतीनवरून हजारात दोनपर्यंत खाली आलं. हे मुलीनेच मला वाचून दाखवलं, तेव्हा मी किती तरी वेळ तिच्याकडे बघत बसले. आणि आपल्याकडे मूल कडेवर घेतात ना, पाय फाकवून कमरेच्या दोन्ही बाजूंना? ते खुब्याला फार चांगलं. अक्कांची पोरं पट्टीत वाढली असतील, पण दिवसभर कडेवरही वाढली. त्या याचा हिशेब धरत नाहीत.

तुमच्या बहिणीचं बाळ पायाळू निघालं किंवा घरात कुणाला खुब्याचा त्रास असेल, तर फोटोच्या आधी डॉक्टरांना खुबे तपासायला सांगा. पहिल्या काही महिन्यांत सोनोग्राफीत दिसतं, आणि तेव्हा सापडलं तर बहुतेकदा पाय फाकवून धरणाऱ्या पट्ट्यांच्या हार्नेसवर भागतं. प्लास्टर टळतं.

लोकरीचं. बाळाच्या अंगाला टोचणार नाही अशी बेबी सॉफ्ट घ्या किंवा मऊ सुती. मला पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हवी ती मिळते. १०० ग्रॅमच्या दोन गुंड्या शेपटाला, एक पंखांना, थोडी उरते. क्रोकोडाइल स्टिचचे, म्हणजे एकावर एक उठून दिसणारे, खवले दिसायला देखणे असतात, पण त्याला लोकर खूप लागते आणि ते जड, उबट होतं. नवजात बाळाला नकोच. ॲक्रिलिक असेल तर शेगडी, धुरी, दिव्याजवळ अजिबात नेऊ नका. ते जळण्याआधी वितळतं आणि कातडीला चिकटतं. आपल्या बाळंतिणीच्या खोलीत अजून बऱ्याच घरी शेगडी असते, म्हणून मुद्दाम सांगते.

आतून मऊ जुन्या धोतराचं अस्तर लावा. हे नटवण्यासाठी नाही. क्रोशाच्या भोकांतून बाळाची पायाची बोटं जातात, आणि सुट्या धाग्याचा फास बोटाला बसला तर बोट काळंनिळं पडेपर्यंत कळत नाही. टोकं आत चांगली पाच-सहा सेंमी ओवून घ्या. मोती, टिकल्या, बटणं काही लावू नका.

आणि त्यात बाळाला झोपवू नका. फोटोपुरतं, डोळ्यांसमोर, उताणं, दहा-पंधरा मिनिटं, मग काढून टाका. कुशीवर वळायला लागलं की शेपूट पेटीत.

वेळेचं म्हणाल तर रोज दोन तास बसलात तर आठ-दहा दिवस. बाळंतपण पुढच्या महिन्यात आहे, आजच साखळी टाका.

रंगाचं राहिलं. मोरपिशी घ्या, त्यात पंखांना एक फेरी सोनेरी झाकेच्या पिवळ्याची. फिका हिरवा फोटोत विटल्यासारखा दिसतो. अक्कांच्या नातीच्या शेपटाला मी आधी तोच घेतला होता आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणला.