जुन्या शिडाच्या बोटीतला मधला खांब काढून केबिन मोकळी करता येईल का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: २७ फुटी जुनी फायबरची शिडाची बोट घेतलीत, जयगडच्या खाडीत ठेवली आहे, आत नव्याने लाकूडकाम करायचं आहे. केबिनच्या मधोमध स्टीलचा खांब आहे आणि त्याला लागून प्लायची अर्धी आडवी भिंत. दोन्ही काढले तर सहा माणसं ऐसपैस बसतील. सुतार म्हणतो दीड दिवसाचं काम आहे.

सुतार खोटं बोलत नाही. काढायला दीड दिवस पुरतो. मी नुसती भिंत थोडी कापली तेव्हा एकच दिवस लागला होता, आणि निस्तरायला दोन हिवाळे गेले.

तुम्ही लिहिलंय की डोलकाठी केबिनच्या छतावर उभी आहे, छतातून आरपार खाली जात नाही. म्हणजे तो खांब शोभेचा नाही. डोलकाठीचा उरलेला भाग आहे असंच समजा. काठी छतावर टेकते, छताखाली खांब, खांबाखाली बोटीचा कणा, ज्याला आमच्याकडे जुनी माणसं पठाण म्हणतात. मधलं छत नुसतं पाणी अडवायला.

आता काठीचं वजन ते काय, दोन माणसं उचलतात, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही आलं होतं. पण काठी स्वतःच्या वजनाने खाली दाबत नाही, तिला ताणून धरणाऱ्या वायरी तिला खाली खेचतात. ढोबळ हिशेब करू. ५ मिलिमीटरची स्टेनलेस वायर साधारण दोन टनांच्या आसपास तुटते. नीट ताणलेल्या वायरीत त्याच्या १५ टक्के ताण धरला तर एकीत ३०० किलो. पुढची एक, मागची एक, दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशा सहा वायरी झाल्या. म्हणजे बोट नांगरावर गपचूप उभी आहे, शीड गुंडाळलेलं आहे, तरी त्या खांबावर पावणेदोन-दोन टनांचा दाब आहे. वाऱ्यात बोट कलली की एका बाजूच्या वायरी आणखी ताणतात आणि दाब बोटीच्या वजनाइतका, कधी त्याहूनही जास्त होतो.

भिंतीचं काम वेगळं आहे. बाजाराची पिशवी बुडात वजन घालून दोन्ही बंदांनी उचललीत की तिचं तोंड मिटतं ना? बोटीचं तेच होतं. काठी मधे खाली ढकलते, बाजूच्या वायरी दोन्ही कडा वर ओढतात, आणि दोन्ही कुशी आत यायला बघतात. पिशवीत आडवी काठी खुपसून तोंड उघडं ठेवावं तशी ती भिंत तिथे बसवलेली असते. बऱ्याच बोटींत वायरींच्या पट्ट्या, म्हणजे चेनप्लेट, थेट त्याच भिंतीला बोल्टने जोडलेल्या असतात. तुमच्याकडे भिंतीच्या वरच्या टोकाला, बाजूच्या कपाटाच्या आत हात घालून बघा. बोल्ट लागले तर करवत परत पेटीत ठेवा.

आपल्याकडच्या लाकडी होड्या बघून डोळा तयार झालेल्या माणसाची इथे फसगत होते. लाकडी होडीत वीतभर-हातभर अंतरावर वांक, म्हणजे होडीच्या फासळ्या, असतात. एक फळी काढली, एखादा बाक हलवला तरी होडीचा आकार ते वांक धरून ठेवतात. जुन्या फायबरच्या बोटीत वांक नसतातच. असतं ते पातळ कवच, म्हणजे हुल, आणि आत चार-पाच ठिकाणी भिंती, बाकांच्या पेट्या, कधी कपाटंसुद्धा. फर्निचर दिसतं, पण त्यातलं अर्धं हाडं असतात. कोणतं कुठलं ते कडेला बघून कळतं. जे हुलला फायबरच्या पट्टीने आतून चिकटवलेलं आहे ते काहीतरी धरून आहे, जे नुसतं स्क्रूवर आहे ते बहुतेक वेळा फर्निचर.

माझं काय झालं ते सांगतो. माझी २४ फुटी, देवगडला. मी खांबाला हात लावला नाही, इतकी अक्कल होती. फक्त भिंतीतलं दार एका बाजूने दहा-बारा सेंटिमीटर रुंद केलं, मोठी आइसबॉक्स आत न्यायची होती म्हणून. कोपरे काटकोनात कापले, कारण काटकोन सुबक दिसतो. पहिला मोसम काही कळलं नाही. दुसऱ्या मोसमात संडासाचं दार अडकायला लागलं. पावसाने लाकूड फुगलं असेल म्हणून मी ते रंधून घेतलं. मग वायरी सैल वाटायला लागल्या, म्हणून दर रविवारी वायर ताणायचा टर्नबकल अर्धा फेरा आवळायचा. मला वाटायचं वायरी नव्या आहेत, ओढल्या जातायत. खरं तर काठी छतात उतरत होती आणि मी दर रविवारी तिला आणखी खाली ओढत होतो.

शेवटी आमच्या होडी बांधणाऱ्या मेस्तांनी केबिनच्या छतावर या कडेपासून त्या कडेपर्यंत सुतळी ताणून दाखवली. काठीपाशी १४ मिलिमीटर खळगा. खांब जागेवर होता, पण त्याच्या पायथ्याचा सागाचा ठोकळा बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळात साचणाऱ्या, पाण्यात कुजून चेपला होता. कापलेल्या भिंतीने उरलेला भार घेतलाच नाही, आणि कापलेल्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर गेली होती. मी त्यांना म्हटलं, मग खांब पूर्णच काढून वर जाड तुळई टाकू या का? ते म्हणाले, "खांब काडलास, मगे काठी काय हवेर ऱ्हवतली?"

तसं बघितलं तर तुळईचा विचार वेडगळ नाही. खांब नसलेल्या बोटी असतात. त्यांत भिंतीच्या जागी एक पूर्ण कडं असतं: तळात आडवं, दोन्ही कुशींना उभं, वर छताला कमानीसारखं, सगळं एकसंध. भार कमानीतून बाजूंना आणि तिथून कण्यात उतरतो. पण त्या कमानीची जाडी किती, थर किती, हे अंदाजाने ठरवायचं काम नाही. तुम्हाला मोकळी केबिन हवीच असेल तर नौकाबांधणीचा अभ्यास केलेल्या माणसाकडून आकडे काढून घ्या, त्याची फी द्या. ती फी नव्या काठीपेक्षा स्वस्त पडते. सुतार आणि फायबरवाला दोघे चांगले असले तरी हा हिशेब त्यांचा नव्हे.

माझा सल्ला विचाराल तर खांब ठेवा, भिंत ठेवा, आणि त्यांची तब्येत आत्ताच तपासा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने छत आणि भिंत ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. भिंतीच्या तळाशी ३ मिलिमीटरचं भोक पाडून भुसा बघा. फिकट आणि कोरडा आला तर ठीक, काळपट, ओला, आंबूस वासाचा आला तर प्लाय गेली. खांबाचा पाय कशावर टेकतो ते फळ्या उचलून डोळ्यांनी बघा. बहुतेक जुन्या बोटींत दुखणं तिथेच निघतं.

बदलावं लागलंच तर आधी काठी उतरवा. जयगडकडे हायड्रा (फिरती क्रेन) भाड्याने मिळतो, तासाभराचं काम. काठी उभी असताना वायरी सैल करून भिंत काढतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. बोट कोरड्यावर घेतल्यावर वजन कण्याखालच्या ठोकळ्यांवर येऊ द्या, आणि बाजूचे टेकू भिंती जिथे आहेत तिथेच लावा, मधल्या पोकळ कुशीवर नको. एका वेळी एकच भिंत काढा. सगळ्या एकदम काढल्यात तर हुल आपल्या मर्जीने बसतं आणि नवी भिंत त्या वाकड्या आकाराला चपखल बसते, मग तुम्हाला वाटतं काम किती छान झालं. जुनी भिंत काढण्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवा आणि कडेपासून कडेपर्यंतचं माप भिंतीवर नाही, वहीत लिहा. (मी भिंतीवर लिहिलं होतं. तीच भिंत भंगारात गेली.)

खचलेलं छत वर उचलायचं तर खाली जॅक, वर प्लायचा रुंद तुकडा, आणि रोज पाव फेरा. मला आठ दिवस लागले. एका दमात उचललं की फायबर कडकन वाजतं आणि तो आवाज विसरत नाही.

प्लाय मरीनच घ्या, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेली. दुकानात साधी कमर्शियल ३०३ ची असते, तिचा उपयोग घरच्या कपाटाला. शिक्क्यावरही फार विश्वास नको. हातभर तुकडा मागून घ्या, पातेल्यात दिवसभर उकळा, थर सुटले तर परत करा. मानकातली कसोटी ७२ तास उकळण्याची आहे, पण आपल्या घरात तेवढा गॅस कोणी जाळू देत नाही.

इथला फायबरवाला पॉलिएस्टर रेझिन आणि चॉप मॅट (कापलेल्या काचधाग्यांची चादर) लावून देईल. साच्यात नवी होडी काढायला ते योग्यच आहे, किनाऱ्यावरच्या शेकडो होड्या त्यावर चालतात. पण पुरत्या घट्ट झालेल्या जुन्या फायबरला नवं पॉलिएस्टर वरवर चिकटतं, पुढे सोलून निघतं. अशा जोडाला इपॉक्सी वापरा, आणि सोबत विणलेलं कापड घ्या, साधी मॅट नको. मॅटमधले धागे ज्या चिकट्याने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मॅट ताठच राहते. जुना रंग आणि जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) ग्राइंडरने पूर्ण काढून खालचं फायबर उघडं करा. मास्क लावा, काचेच्या धाग्यांची ती कूस अंगातून आठवडाभर जात नाही. प्लायची कड हुलला थेट टेकवू नका. मधे फोमची पट्टी ठेवा, कोपरा इपॉक्सीच्या लगद्याने बोटभर गोल करा, मग दोन्ही बाजूंना कापडाच्या पट्ट्या, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे. मी हुलवर १० सेंटिमीटरपर्यंत नेल्या. कड थेट टेकली तर बाहेरून हुलवर रेघ उमटते आणि पुढेमागे तिथेच तडा जातो. दार कापायचंच असेल तर कोपरे गोल, आणि वर-बाजूला रुंद पट्टा सोडून. पायथ्याला पाणी वाहायला वाट ठेवा, आणि त्या वाटेची कापलेली लाकडी कडही इपॉक्सीने बंद करा.

मोसमाबद्दल एक. आपल्याकडे बोटी जून-जुलैत वर असतात, म्हणून सगळे तेव्हाच कामं काढतात. तोडफोड, मापं, साचे पावसात करा. चिकटवणं दसऱ्यानंतर. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. आणि झापांच्या शाकारणीखाली जुलैत प्लाय कधी सुकते ते मला दाखवा. एप्रिलही नको. अर्धा लिटर इपॉक्सी एकदम कालवलंत तर मगातच धूर निघतो.

पैसे घेऊन पर्यटक नेणार असाल तर असा बदल करण्याआधी मेरीटाइम बोर्डाच्या सर्व्हेअरशी बोला, नंतर नाही.

राहिला सहा माणसांचा प्रश्न. खांबाला घडीचं टेबल लावा, दोन्ही बाजूंना उघडणारं. बाकांची खोली दहा सेंटिमीटर वाढवा, पेट्यांचे हुलला चिकटलेले भाग तसेच ठेवून. मी तसंच केलंय. सहा जण बसतात, सातवा पायरीवर. गुडघा मात्र खांबावर अजून आपटतो.