मुंबईच्या उन्हाळ्यात ऑफिसला फॉर्मल शर्ट-पँट सक्तीची आहे. घामाने शर्ट भिजतो. कापड कोणतं घ्यावं, आणि आत बनियन घालावं की नाही?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की अकोल्यात ४४ डिग्रीत गाडी चालवली तरी असं कधी झालं नाही, आणि इथे ३४ डिग्रीत डोंबिवलीहून सीएसएमटीला उतरेपर्यंत शर्ट पाठीला चिकटतो. मीही तिकडचाच, नागपूरचा. २००७ साली नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा पहिल्या मे महिन्यात मलाही हेच कोडं पडलं होतं.

आपल्याकडचं ऊन कोरडं. घाम येतो न येतो तोच उडून जातो, संध्याकाळी शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या दिसतात. म्हणून तिकडे लोक अंग झाकून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून बाहेर पडतात. कापड जाडंभरडं असलं तरी चालतं, कारण त्याने झळा अडवायच्या असतात. मुंबईत हवाच आधी पाण्याने भरलेली. घाम उडत नाही, नुसता वाहतो. त्यामुळे घाम थांबवायच्या नादी लागू नका. शर्ट अंगापासून सुटा राहील एवढं बघा, आणि ज्या शर्टात लोकलने येता तोच दिवसभर अंगात ठेवू नका. यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती मी फजिती करून शिकलो.

नोकरी लागली म्हणून बाबांनी बर्डीवरून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून, कापड घेऊन दोन शर्ट शिवून दिले होते. टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताची भेसळ, रंग आकाशी. धुतला की वाळतो, इस्त्री मोडत नाही, हे त्यांचं कौतुकाचं वाक्य. पहिल्याच दिवशी तो घातला, छातीशी बॅग धरून गर्दीत सव्वा तास उभा राहिलो, व्हीटीला उतरून फोर्टात चालत गेलो आणि लिफ्टच्या आरशात स्वतःला पाहिलं. छातीवर बॅगेएवढा गडद निळा चौकोन, खांद्यांवर पट्ट्यांचे ठसे आणि काखेपासून कमरेपर्यंत दोन नद्या. वर माझी जागा बरोबर एसीच्या झोताखाली. अकरा वाजेपर्यंत शिंका सुरू.

आमच्या सेक्शनमध्ये निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले एक काका होते. ते गाडीत कॉलरच्या आत रुमाल दुमडून बसवायचे आणि अंगात जुना, ढगळ, सुती बुशशर्ट. ऑफिसात आले की टॉयलेटमध्ये जाऊन ओल्या नॅपकिनने मान, पाठ, काखा पुसायच्या, मग पाच मिनिटं पंख्याखाली नुसतं उभं राहायचं. लोखंडी कपाटाच्या मागच्या खिळ्याला त्यांचे दोन हँगर असत. एकावरचा इस्त्रीचा शर्ट काढून अंगात, ओला बुशशर्ट दुसऱ्यावर. संध्याकाळपर्यंत तो एसीत खडखडीत वाळायचा आणि तोच घालून ते घरी जायचे. मला घाईघाईत कोरडा शर्ट चढवताना त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आधी अंग सुकू दे, नाहीतर हाही गेला." शर्ट बदलूनही माझी पाठ का भिजते ते तेव्हा कळलं. या पद्धतीत ऑफिसचा शर्ट प्रवासात चुरगळत नाही, दोन दिवस सहज निघतात. तुमच्याकडे खिळा नसेल तर ड्रॉवरमध्ये घडी ठेवा.

आता कापड. लेबलवर 'शंभर टक्के कॉटन' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. जाड ट्विल, ऑक्सफर्ड, डेनिम हेही कॉटनच असतं आणि मेमध्ये त्यात जीव जातो. बघायचं असतं ते सूत किती बारीक आहे आणि वीण किती मोकळी आहे. सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. दुकानात दोन गोष्टी करून बघा. कापडाचा एक पदर उजेडासमोर धरा, बारीक जाळी दिसली पाहिजे. मग तोच पदर ओठांना लावून फुंकर मारा आणि पलीकडे तळहात धरा, हवा हाताला लागली पाहिजे. दुकानदार विचित्र बघेल, बघू दे. भेसळीची शंका असेल तर कडेचा एक धागा मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

लिनन या हवेला उत्तमच, पण पहिल्या मीटिंगच्या आधी त्याचा चुरगळा होतो. तुमचे साहेब कडक असतील तर कॉटन-लिनन मिक्स घ्या, नाहीतर पातळ पॉपलिन. बारीक सुताची खादी मला स्वतःला सगळ्यात आवडते, फक्त तिला खळ घालू नका. खळीने विणीतली छिद्रं बुजतात आणि खादी घेतल्याचा फायदाच जातो.

कापड मंगळदास मार्केटला किंवा दादरला हिंदमाताला घेऊन शिवून घेतलंत तर जास्त बरं. तयार शर्ट हल्ली 'स्लिम फिट' असतात, म्हणजे घामाला कापड चिकटायची सोयच. छत्तीस इंची पन्ह्याचं सव्वादोन मीटर, अठ्ठावन्न इंचीचं साधारण एक मीटर साठ सेंटिमीटर कापड फुल शर्टाला पुरतं. उंची किंवा पोट जास्त असेल तर टेलरला आधी विचारा. टेलरला सांगा: पाठीला एक प्लेट, काखेत मोकळं, कॉलरच्या आतलं बकरम, म्हणजे कडक अस्तर, हलकं. कॉलरमधलं जाड, चिकटवलेलं बकरम मानेभोवती पट्टा बांधल्यासारखं बसतं, आणि मानेचा घाम तिथूनच सुरू होतो. कापड शिवायला देण्याआधी रात्रभर बादलीत भिजवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं.

बनियनबद्दल मतं दोन आहेत. माझं मत, घाला. दोन थरांमुळे जास्त उकडतं हे लोकलमध्ये खरं आहे, पण तुमचे आठ तास एसीत जातात. बिनबाह्यांचं सँडो नको. काखेतला घाम टिपायलाच तर ते घालायचं, आणि तिथेच त्याला कापड नसतं. पातळ, बाह्यांचं, सुती घ्या आणि शर्टाबरोबर तेही बदला. पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन उठून दिसतं, अंगाच्या रंगाचं किंवा फिकट राखाडी दिसत नाही. व्यायामाचे पॉलिस्टरचे टीशर्ट आत घालणारेही आहेत. ते वाळतात झटपट, पण त्यांना वास धरतो आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस तुम्हाला ते सांगणार नाही.

रंगात आकाशी आणि राखाडी मेपुरते बंद. पांढरा, गडद निळा किंवा बारीक रेघांचा शर्ट भिजलेला कमी दिसतो.

पँटकडे कुणी लक्ष देत नाही. शुद्ध सुती पँटचे दुपारपर्यंत गुडघे फुगतात. पातळ विणीची, टेरीवूलची म्हणजे पॉलिस्टर आणि लोकर मिसळलेली पँट उलट बरी राहते. लोकर म्हटलं की आपल्याला स्वेटर आठवतो, पण ट्रॉपिकल वूल हे उन्हाळ्याचंच कापड आहे. मांडीत सैल, पुढे एक चुणी, अस्तर गुडघ्यापर्यंतच. बुटांचे दोन जोड आलटूनपालटून आणि सुती मोजे.

काखेतले पिवळे डाग नुसत्या घामाचे नसतात. घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमधले ॲल्युमिनियमचे क्षार आणि घाम मिळून ते पडतात. त्यावर ब्लीच ओतलंत तर डाग आणखी पिवळा होऊ शकतो. त्या दिवशीचा शर्ट त्याच रात्री गार पाण्यात टाका, शिळा ठेवू नका.

राहिली सक्ती. जपानसारख्या शिस्तीच्या देशात सरकारने २००५ साली 'कूल बिझ' सुरू केलं: एसी २८ डिग्रीवर, टाय आणि कोट बंद. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांतही उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडून. एचआरकडे हाफ शर्टची परवानगी मागायची असेल तर ही दोन उदाहरणं जवळ ठेवा. आमच्याकडे चौघांनी मिळून एक मेल पाठवला होता. मार्च ते जून हाफ शर्ट मंजूर झाला, शर्ट इनची अट कायम राहिली.

शिवायचं ठरलं तर या आठवड्यातच कापड टाका. लग्नसराई लागली की टेलर तीन आठवडे सांगतो आणि पाच लावतो.