बहीण नागपुरात, आपण परदेशात : जावयाला फोन लावण्याआधी

प्रश्न : माझी धाकटी बहीण नागपुरात मानेवाड्याला राहते. नवरा मारतो, पगारही काढून घेतो, हे तिनं आता पहिल्यांदाच सांगितलं. आई-बाबा वर्ध्याला असतात. ते म्हणतात, "तू जावयाशी बोल, तुझा मान ठेवेल." मी न्यू जर्सीत आहे. इथून काय करू?

उत्तर : जावयाला फोन करू नका. घरातली गोष्ट बाहेर गेली हे त्याला तुमच्याच फोनवरून कळेल आणि त्याचा राग त्याच रात्री तिच्यावर निघेल. तुम्ही तिथं नसाल. मामा-काकांची बैठकही सध्या नको. बैठकीत तो "पुन्हा होणार नाही" म्हणतो, चारचौघांत तिलाही मान डोलवावी लागते, आणि पुढच्या खेपेला "तेव्हा तर मिटलं होतं ना" म्हणून तिचंच तोंड बंद केलं जातं.

आधी तिच्याशी बोला, तेही तिनं ठरवलेल्या वेळी. तिच्या ऑफिसच्या मधल्या सुट्टीत तुमच्याकडे उत्तररात्र असेल, तरी जागे राहा. "सोडून का देत नाहीस?" हे विचारू नका. थेट विचारा : त्यानं कधी गळा दाबला का? जीव घेण्याची किंवा देण्याची धमकी दिली का? अलीकडे मार वाढलाय का? गळा दाबलेला असेल, तर तो जिवावरचा धोका समजा. वरून खूण दिसत नसली तरी आतून सूज येऊ शकते. तिला त्याच दिवशी 'मेडिकल' किंवा 'मेयो' या सरकारी रुग्णालयात दाखवायला सांगा. तिथं "जिन्यावरून पडले" असं सांगितलं की ते कागदावर कायमचं राहतं आणि पुढं कोर्टात समोरचा वकील तेच वाचून दाखवतो. कोणी, केव्हा, कशानं मारलं हे डॉक्टरला स्पष्ट सांगावं, मेडिको-लीगल (पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी) नोंद करायला लावावी आणि केसपेपरचा फोटो तुम्हाला पाठवावा.

112 (पोलीस मदत) आणि 181 (महिला हेल्पलाइन) हे नंबर तिच्यासाठी आहेत, तुमच्यासाठी नाहीत. अमेरिकेतून हे छोटे नंबर नागपूरला लागत नाहीत. तिच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचा लँडलाइन नंबर आजच शोधा, +91 712 लावून साठवा आणि एकदा लागतो का ते पाहा. त्याहून मोठा आधार शेजारच्या काकूंचा. आरडाओरडा ऐकू आला की त्यांनी 112 लावावा, किंवा निदान बेल वाजवून "विरजणाला दही आहे का?" विचारावं. दारात माणूस उभा राहिला की बऱ्याचदा हात थांबतो. हिंसेची माहिती चांगल्या हेतूनं संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला) कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005च्या कलम 4मध्येच लिहिलं आहे. काकूंना हे जरूर सांगा. पोलिसांच्या भानगडीत पडायची भीतीच लोकांना गप्प बसवते. हेच कलम तुम्हालाही लागू आहे. न्यू जर्सीतून तुम्हीही लेखी माहिती पाठवू शकता, पण तिला विचारून.

पैसे पाठवाल ते फक्त तिच्या एकटीच्या खात्यात. सख्ख्या भावानं दिलेल्या पैशावर बहिणीला प्राप्तिकर लागत नाही. घात होतो तो मोबाइल नंबरमुळे. आधारला अनेकदा नवऱ्याचा नंबर जोडलेला असतो, त्यामुळे नवीन खातं उघडताना ओटीपी त्याच्याच फोनवर जातो. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी तिच्या नावाचं सिम, मग आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलणं, मग दुसऱ्या बँकेत खातं, पत्रव्यवहाराचा पत्ता वर्ध्याचा. पगाराचं खातं मात्र लगेच बदलू नका. पगार आला नाही की पहिल्याच महिन्यात त्याला कळेल. तो बदल तिची पुढची तयारी झाल्यावरच.

पुरावा जपायचं काम तुम्ही उत्तम करू शकता. तिचे व्हॉइस मेसेज, फोटो, रडत केलेले फोन यांची तारीखवार वही ठेवा. भारतीय साक्ष अधिनियम, 2023च्या कलम 63प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. तेव्हा नवा फोन घेतलात तरी जुना पुसू किंवा विकू नका. तिचं गूगल खातं नवऱ्याच्या फोनवर उघडं आहे का, हे आधी पाहायला लावा. नाहीतर जखमांचे फोटो आपोआप त्याच्यासमोर जातील. दागिन्यांचे फोटो आणि पावत्याही जमवा. स्त्रीधन परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 19खाली देऊ शकतात.

"मला त्याला जेलमध्ये नाही टाकायचं" म्हणून अनेक जणी गप्प राहतात. 2005चा कायदा मुळात दिवाणी संरक्षणाचा आहे. मारहाण थांबवण्याचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, हे सगळं एका अर्जात मागता येतं आणि त्यासाठी घर सोडावं लागत नाही. घर सासूच्या नावावर आहे म्हणून तिला बाहेर काढता येत नाही. 2020च्या सतीश आहुजा निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो. म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी कलम 23खाली अंतरिम आदेश मागायला सांगा. वकील परवडत नसेल तर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथं स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि उत्पन्नाची अट नाही. तिला वर्ध्याला जावं लागलं तरी तिथून अर्ज करता येतो, तात्पुरतं राहणंही चालतं.

नागपूर पोलिसांचा भरोसा सेल 2017पासून आहे. समुपदेशन, पोलीस आणि कायद्याची मदत एका छताखाली मिळते. तिथं जरूर जावं. पण समुपदेशन म्हणजे समझोता करायलाच हवा असं नाही. मारहाण चालू असेल आणि तिला गुन्हा नोंदवायचा असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 85खाली (नवऱ्याकडून होणारा छळ) एफआयआर घ्या, असं तिनं लेखी मागावं आणि पोच घ्यावी. ठाण्यानं नकार दिला तर तोच अर्ज पोलीस उपायुक्तांना पोस्टानं पाठवावा. तेवढ्यानंही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

आई-बाबा "आपल्याकडे असं चव्हाट्यावर आणत नाहीत" म्हणतील. त्यांना सांगा, 20 जुलै 1942 रोजी याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती. तिनं स्त्रीला घटस्फोटाचा हक्क कायद्यानं द्यावा, असा ठराव केला. हिंदू विवाह कायदा त्यानंतर तेरा वर्षांनी आला. ज्यांच्या हाती सत्ता नव्हती, पैसा नव्हता, त्या बायकांनी हे भर सभेत मागितलं होतं.

आता तुमच्या गावातल्या मराठी मंडळाबद्दल, कारण अशी बहीण तिथंही कुणाची तरी असते. डिपेंडंट व्हिसावर आलेली, बँक कार्ड नवऱ्याकडे, पासपोर्ट कपाटात कुलूपबंद. व्हिसाच्या नियमांत गल्लत होते ती अशी : नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल तरच तिला 'वावा' या स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या अमेरिकी कायद्याखाली व्हिसासाठी नवऱ्यावर अवलंबून न राहता स्वतंत्र अर्ज करता येतो. तो एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर तो मार्ग बंद असतो, आणि पोलीस तपासाला मदत करणाऱ्या पीडितांसाठीचा यू व्हिसा तपासावा लागतो. हे मंडळाच्या अध्यक्षांनी सांगायचं काम नाही, इमिग्रेशन वकिलाचं आहे. तुमच्याच राज्यात 'मानवी' ही संस्था 1985पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते. कौटुंबिक हिंसाचारासाठीची अमेरिकेची राष्ट्रीय हेल्पलाइन 1-800-799-7233 आहे, तिथं दुभाषा मागता येतो.

मंडळानं मध्यस्थी अजिबात करू नये. तो नवराही सभासद असतो, कधी गणेशोत्सवाचा प्रायोजकही. मंडळानं एवढं करावं : कार्यक्रमाच्या दिवशी बायकांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला, हेल्पलाइनचा नंबर फाडून नेता येईल अशा चिठ्ठ्या लावाव्यात. चिठ्ठी लिपस्टिकच्या टोपणात मावेल इतकी लहान, तिच्यावर फक्त आकडे, संस्थेचं नाव नको. ज्यांचे नवरे कार्यकारिणीत नाहीत अशा दोन बायकांना एखाद्या संस्थेकडून प्रशिक्षण द्यावं आणि टॅक्सी, नवं सिम, दोन रात्रींचं हॉटेल एवढा निधी त्यांच्या हाती ठेवावा. त्या पैशाचा हिशेब रकमेपुरताच मागावा, नाव विचारू नये.